सहायकाच्या खुर्चीपासून स्वतःच्या पाटीपर्यंत: स्वतंत्र कर सल्लागार होऊ पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक अशा वाचकांचे आहेत, जे एखाद्या सनदी लेखापालाच्या किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात नोकरी करीत आहेत आणि आज ना उद्या स्वतःचे कार्यालय थाटण्याच्या विचारात आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती धरून दिली आहेत.

सीए नसताना कर सल्लागार म्हणून स्वतंत्र व्यवसाय करता येतो का?

होय. विवरणपत्र तयार करण्याच्या कामावर कोणा एका व्यवसायाची मक्तेदारी नाही. करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यासमोर कोणाला बाजू मांडता येईल, हे आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २८८ मध्ये सांगितले आहे. त्यात सनदी लेखापाल आणि वकील यांच्याबरोबरच विहित शैक्षणिक अर्हता असलेल्या व्यक्ती येतात, आणि वाणिज्य किंवा विधी शाखेची पदवी ही त्या अर्हतांपैकी एक आहे. अशा पदवीधराला आयकर विभागाकडे विहित नमुन्यात अर्ज करून आयकर व्यवसायी म्हणून नोंदणी करून घेता येते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही अधिकृत प्रतिनिधीची तरतूद आहे. जीएसटीपुरते बोलायचे तर केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ४८ ने ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ हा स्वतंत्र वर्गच निर्माण केला आहे.

मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट असाव्यात. कर लेखापरीक्षण, कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि कायद्याने सनदी लेखापालाच्याच सहीने द्यावयाची प्रमाणपत्रे ही कामे आपली नाहीत. ज्या कागदावर यूडीआयएन, म्हणजे सनदी लेखापालाने आपल्या सहीच्या कागदासाठी घ्यावयाचा विशिष्ट क्रमांक, लागतो, तो कागद आपला नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. अशा कामासाठी एखाद्या सनदी लेखापालाशी आधीच बोलणे करून ठेवावे आणि त्याची फी पक्षकाराने थेट त्यालाच द्यावी. मध्ये आपला हात असू नये. उलट, जीएसटीआर-९सी हे ताळमेळपत्रक आर्थिक वर्ष २०२०-२१ पासून करदात्याच्या स्वयंप्रमाणनावर दाखल होते, त्यामुळे पूर्वी लेखापरीक्षकाकडे जाणारे ते काम आता आपल्यालाही करता येते. अनेक नवे सल्लागार अजून ते परस्पर दुसरीकडे पाठवतात.

बी.कॉम. पुरेसे आहे की आणखी काही शिकावे?

कायद्याच्या दृष्टीने पुरेसे आहे, व्यवसायाच्या दृष्टीने थोडे अपुरे. पुढचे शिक्षण कोणते घ्यावे हे आपण कोणत्या पक्षकारांत बसणार आहात यावर ठरते.

महाराष्ट्रात राहून ज्याचा सर्वांत कमी विचार होतो, असा अभ्यासक्रम म्हणजे सहकार आयुक्तालयाची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा विषयांची शासकीय पदविका परीक्षा. ती कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि तिच्यात लेखाशास्त्र व लेखापरीक्षणाबरोबर सहकारी कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, गृहनिर्माण संस्था असे विषय येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ या व्याख्येत पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान अशा अटी आहेत. त्या पूर्ण करून निबंधकाच्या नामतालिकेवर नाव लागले की सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करता येते. पुणे, ठाणे, पनवेल, नाशिक अशा ठिकाणी, जिथे दर रस्त्यावर गृहनिर्माण संस्था आहेत, तिथे हे नाव लागणे म्हणजे वर्षभराच्या स्थिर कामाची सोय होय. सीए नसलेल्या माणसाला लेखापरीक्षणाचा हा एक दरवाजा कायद्यानेच उघडा ठेवला आहे.

ज्यांना नोटिसा, सुनावणी आणि अपील यांत रस आहे, त्यांनी तीन वर्षांची विधी पदवी घ्यावी असे आम्ही आवर्जून सांगतो. अर्थात, पुढे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून सनद घेतली की वकिलाच्या आचारसंहितेचे नियमही लागू होतात. जोडधंदा आणि जाहिरात यांवर बंधने येतात. विद्यापीठांच्या करविषयक पदविका, ज्यांत पुण्यातील डी.टी.एल. परिचित आहे, त्या नोकरी सांभाळून करता येतात आणि कायद्याचे मूळ कलम उघडून वाचण्याची सवय लावतात. ही सवय लागली नाही तर माणूस जन्मभर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या सारांशांवर चालतो.

जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी कशी होते?

जीएसटीच्या पोर्टलवर पीसीटी-०१ या नमुन्यात अर्ज करावा लागतो आणि छाननीनंतर पीसीटी-०२ हे प्रमाणपत्र मिळते. वाणिज्य, विधी, उच्च लेखापरीक्षणासह बँकिंग, व्यवसाय प्रशासन किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांतील पदवी. सीए, सीएमए किंवा सीएसची अंतिम परीक्षा. जुन्या कायद्याखाली विक्रीकर व्यवसायी किंवा टॅक्स रिटर्न प्रिपेअरर म्हणून किमान पाच वर्षांची नोंदणी. किंवा कर विभागातील गट ‘ब’ राजपत्रित वा त्यावरील पदाची किमान दोन वर्षांची सेवा करून निवृत्ती, यांपैकी एक पात्रता लागते. नियम ८३ मध्ये परीक्षेचीही तरतूद आहे. ती ‘नासिन’ ही केंद्रीय अकादमी घेते. पहिली परीक्षा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाली. १०० बहुपर्यायी प्रश्न, २०० गुण, अडीच तास आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के, असे तिचे स्वरूप आहे. परीक्षा आपल्याला सक्तीची असो वा नसो, तिचा अभ्यासक्रम एकदा पूर्ण करावा. रोजच्या कामात न येणारे परतावा, ई-वे बिल, मूल्यांकन हे भाग त्यानिमित्ताने वाचून होतात.

एका राज्यातील नोंदणी दुसऱ्या राज्यातही ग्राह्य धरली जाते. सावंतवाडीतील सल्लागाराला म्हापशाच्या व्यापाऱ्याचे आणि कोल्हापुरातील सल्लागाराला बेळगावच्या व्यापाऱ्याचे काम करण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही.

स्वतःचे कार्यालय काढण्यापूर्वी किती वर्षे नोकरी करावी?

वर्षे मोजण्यापेक्षा कामे मोजावीत. पाच वर्षे केवळ टॅलीत नोंदी करणाऱ्या माणसापेक्षा दोन हंगामांत सर्व प्रकारची कामे हाताखालून गेलेला माणूस अधिक तयार असतो. आमच्या मते पुढील गोष्टी स्वतः, कोणी शेजारी न बसता, केल्याशिवाय राजीनामा देऊ नये: एका व्यापाऱ्याच्या कच्च्या कागदांपासून नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार करणे, त्याचे बँक खाते शेवटच्या नोंदीपर्यंत जुळवणे, वर्षभराचा जीएसटी वहीशी आणि पोर्टलशी ताडून वार्षिक विवरणपत्र भरणे, टीडीएसचे त्रैमासिक विवरणपत्र भरून त्यातील चूक दुरुस्त करणे, आणि किमान एका नोटिशीला आपल्या शब्दांत उत्तर देणे, जे साहेबांनी फारशी खाडाखोड न करता पाठवले.

यांतले बँक खाते जुळवणे सर्वांत कमी प्रतिष्ठेचे समजले जाते, आणि तेच सर्वांत जास्त शिकवते. कापड दुकानदाराच्या चालू खात्यात मार्च महिन्यात एकदम आलेली रक्कम ही विक्री आहे, मेहुण्याने दिलेले हातउसने आहे, मुदत ठेव मोडली आहे की विकलेल्या प्लॉटचा विसार आहे, हे खाते पाहून कळत नाही. दुकानदाराला विचारावे लागते, आणि विचारल्यावर कागद मागावा लागतो. विवरणपत्रातील प्रत्येक आकड्यामागे कोणता कागद आहे हे सांगता येणे, हेच या व्यवसायाचे खरे कौशल्य आहे. पोर्टलवर बटणे दाबणे कोणीही आठवड्याभरात शिकतो.

विवरणपत्रे आता आधीच भरून येतात. मग हे काम उरणार आहे का?

पगारदार माणसाचे साधे विवरणपत्र हे उत्पन्नाचे साधन म्हणून संपत आले आहे, हे मान्य करावे. नवी करप्रणाली २०२३-२४ पासून, वेगळी निवड न केल्यास आपोआप लागू होणारी प्रणाली झाली, तिच्यात बहुतेक वजावटी नाहीत, आणि २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखी विशेष दराची उत्पन्ने वगळता, निवासी व्यक्तीला सवलतीमुळे कर लागत नाही. पूर्वी जूनमध्ये विम्याच्या पावत्यांची पिशवी घेऊन येणारा कारकून आता स्वतःच्या मोबाइलवरून विवरणपत्र भरतो. त्याला आपली गरज नाही, आणि ती आहे असे भासवूही नये.

काम सरकले आहे ते दुसरीकडे. नोव्हेंबर २०२१ पासून पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, दिसू लागले. बँक व्याज, लाभांश, शेअर व म्युच्युअल फंडांची विक्री, स्थावर मालमत्तेचे व्यवहार, अशी माहिती विभागाकडे आधीच पोहोचलेली असते. ती नेहमी अचूक असतेच असे नाही. संयुक्त खात्यावरील व्याज पहिल्या नावावर पूर्ण दाखवलेले असते. मिळकत दोघांनी मिळून विकलेली असताना पूर्ण रक्कम एकाच्या नावावर येते. अशा वेळी आकडा जसाच्या तसा उचलणारा सल्लागार पक्षकाराला फुकटचा कर भरायला लावतो, आणि आकड्याकडे दुर्लक्ष करणारा त्याला नोटीस आणून देतो. प्रत्येक नोंद खरेदीखताशी, बँक पासबुकाशी लावून पाहणे, चुकीची असेल तर पोर्टलवर तसा अभिप्राय नोंदवणे आणि त्याचा पुरावा फायलीत ठेवणे, यासाठी माणूस लागतो.

जीएसटीतही तेच आहे. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे पत्रक, तयार होते आणि पुरवठादाराने बिल दाखवले नसेल तर आपल्या पक्षकाराची तेवढी वजावट अडकते. त्या पुरवठादाराच्या हिशेबनिसाला फोन करून बिल चढवून घेणे हे काम कोणत्याही संगणकप्रणालीने अजून अंगावर घेतलेले नाही.

नवा आयकर अधिनियम आल्यामुळे जुने ज्ञान बाद झाले का?

नाही, उलट काही वर्षे दोन्ही अधिनियम टेबलावर ठेवावे लागतील. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा अधिनियम लागू आहे आणि त्यात ‘मागील वर्ष’ व ‘निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना आहे. त्याआधीच्या वर्षांची विवरणपत्रे, पुनर्निर्धारण आणि अपिले मात्र १९६१ च्या अधिनियमाखालीच चालतील. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी करआकारणीची मूळ तत्त्वे मोठ्या प्रमाणात तीच आहेत. नोटीस हातात आली की ती कोणत्या वर्षाची आहे हे आधी पाहावे, मग कलम शोधावे.

नोकरी सोडताना सध्याच्या साहेबांचे पक्षकार बरोबर नेता येतील का?

पक्षकार कोणाच्या मालकीचे नसतात, परंतु त्यांच्या फायली, याद्या आणि संगणकातील नोंदी कार्यालयाच्या असतात. त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जाणे सरळसरळ चुकीचे आहे. एखादा पक्षकार स्वतःहून आला तर त्याने जुन्या सल्लागाराची फी चुकती केली आहे का, हे विचारून घ्यावे आणि एक फोन साहेबांना करावा. लहान शहरात हा एक फोन पुढची वीस वर्षे उपयोगी पडतो, कारण आपल्याला न जमणारी कामे पहिल्या वर्षी त्याच साहेबांकडे घेऊन जावी लागणार आहेत.

कार्यालय सुरू करताना स्वतःच्या कोणत्या नोंदण्या लागतात?

दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली, ज्याला अजूनही सर्व जण ‘गुमास्ता’ म्हणतात, कामगारसंख्या थोडी असलेल्या आस्थापनेला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खाते काढताना ही पावती मागितली जाते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर अधिनियमाखाली नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात आणि त्याची मुदत ३० जून आहे. सहायक नेमला आणि त्याचा पगार व्यवसाय कराच्या मर्यादेत आला, तर मालक म्हणून वेगळी नोंदणीही घ्यावी लागते. दुसऱ्यांचा व्यवसाय कर वर्षानुवर्षे भरणाऱ्या सल्लागाराचा स्वतःचा थकलेला असणे, हा या धंद्यातील जुना विनोद आहे.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि फीवर १८ टक्के कर लागतो. ज्या पक्षकारांना टीडीएस कापणे बंधनकारक आहे, ते वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक फी देत असतील तर १० टक्के कापून देतील. पावत्यांची रक्कम ५० लाखांच्या आत असेल, किंवा रोखीचा वाटा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांच्या आत असेल, तर विनिर्दिष्ट व्यावसायिकांसाठी असलेल्या गृहीत उत्पन्नाच्या तरतुदीखाली त्या पावत्यांच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. १९६१ च्या अधिनियमातील कलम ४४एए खाली अधिसूचित केलेल्या अशा व्यवसायांत ‘अधिकृत प्रतिनिधी’ हा व्यवसायही होता.

पाटीवर काय लिहावे?

जे आहे तेवढेच. ‘कर सल्लागार’, ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’, असल्यास ‘प्रमाणित लेखापरीक्षक’. गावात लोक आपल्याला ‘सेल्स टॅक्सचे वकील’ म्हणतील, काही जण ‘सीएसाहेब’ म्हणून हाक मारतील. त्यांच्या तोंडावर हात ठेवता येत नाही, पण पाटी, लेटरहेड आणि फोनवरील व्यवसायाचे नाव यांत असा शब्द येता कामा नये. सनदी लेखापाल नसताना तसे भासवणे हा १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाखाली गुन्हा आहे.

पक्षकारांचे पासवर्ड आणि ओटीपी यांचे काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही मुद्दाम सविस्तर देतो, कारण नव्या कार्यालयांची घडी येथेच बिघडते. काम सोपे व्हावे म्हणून अनेक सल्लागार पक्षकाराच्या आयकर व जीएसटी खात्यावर स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ई-मेल नोंदवतात. ओटीपी आपल्याच फोनवर येतो आणि काम झटपट होते. पण आयकराची छाननी आता चेहराविरहित, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन, पद्धतीने चालते, जीएसटीच्या नोटिसाही पोर्टलवर चढतात, आणि त्यांची सूचना नोंदवलेल्या ई-मेलवरच जाते. शेकडो पक्षकारांचे संदेश एकाच पेटीत पडू लागले की त्यातली एक नोटीस नजरेआड होणारच. नोंदणी रद्द करण्याच्या आरईजी-१७ नोटिशीला उत्तर देण्यासाठी कामकाजाचे सात दिवस असतात. तेवढ्यात कोणी पाहिले नाही तर व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांकच रद्द होऊ शकतो, आणि हे त्याला बहुधा त्याचा ग्राहक सांगतो.

म्हणून संपर्काचा मुख्य मोबाइल व ई-मेल नेहमी पक्षकाराचाच ठेवावा. जीएसटीसाठी पोर्टलवर करदात्याने आपल्याला प्रॅक्टिशनर म्हणून नेमण्याची सोय पीसीटी-०५ या नमुन्यात आहे, ती वापरावी. आपण आपल्या लॉगिनमधून विवरणपत्र तयार करतो आणि पक्षकार संमती देतो, असा माग त्यात राहतो. कलम ४८ नुसार विवरणपत्रातील माहितीच्या अचूकतेची जबाबदारी करदात्याचीच राहते, आणि त्याला ही गोष्ट पहिल्याच भेटीत समजावून सांगितलेली बरी. डिजिटल सहीचे टोकन तर कधीही आपल्याकडे ठेवू नये. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेल्या टोकनांनी भरलेला टेबलाचा खण जवळपास प्रत्येक जुन्या कार्यालयात सापडतो. कोणाच्या सहीने कोणता कागद कोणी पाठवला याचा वाद उद्भवला की त्या खणाचा मालक एकटा पडतो.

कराची रक्कमही आपल्या खात्यात घेऊ नये. चलन तयार करून पक्षकाराला पाठवावे आणि त्याने त्याच्या बँकेतून भरावे. जीएसटीचे चलन १५ दिवस वैध असते, तेवढा अवधी पुरतो.

फी कशी ठरवावी?

जीएसटीच्या कामाची फी मासिक, आयकर विवरणपत्राची वार्षिक आणि नोटीस, सुनावणी किंवा अपिलाची वेगळी, असे तीन भाग पाडून पहिल्या दिवशीच लेखी कळवावे. नवा माणूस ‘सगळे मिळून एवढे द्या’ असे सांगून मोकळा होतो आणि पहिली नोटीस आली की महिनाभराचे काम फुकट करतो. वह्या आपणच लिहिणार असू तर त्याची फी बिलांच्या संख्येवर ठरवावी, उलाढालीवर नव्हे. दिवसाला दोनशे पावत्या फाडणारा किराणा दुकानदार आणि महिन्याला चार बिले करणारा यंत्रविक्रेता यांची उलाढाल सारखी असू शकते, काम सारखे नसते.

उधारी हा या व्यवसायाचा जुना रोग आहे. विवरणपत्र भरून झाल्यावर पक्षकाराला आपली आठवण पुढच्या मुदतीपर्यंत येत नाही. मासिक फी महिन्याच्या सुरुवातीला बँकेतून घेण्याची पद्धत पहिल्या पक्षकारापासून पाडली तर ती रुजते. नंतर बदलायला गेल्यास वाईटपणा येतो.

परतावा जास्त मिळवून देणारे सल्लागार लवकर मोठे होतात. आम्ही काय करावे?

परताव्याच्या टक्केवारीवर फी घेण्याचा प्रस्ताव आला तर तो पक्षकार सोडावा. यापेक्षा सौम्य उत्तर आमच्याजवळ नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी पडताळणीची कारवाई केली, आणि तिचा रोख करदात्यांइतकाच खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणाऱ्या मध्यस्थांवर होता. ज्या राज्यांत हे प्रकार आढळले त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आरोग्य विमा, अशा वजावटी कागदाशिवाय लावलेल्या होत्या. कारखान्याच्या एकाच विभागातील सर्व कामगारांच्या विवरणपत्रांत एकाच पक्षाला दिलेली देणगी दिसावी, हे कोणाही संगणकाला ओळखता येते. उत्पन्न चुकीचे दाखवल्याबद्दल दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो करदात्यावर बसतो; खोटे विवरणपत्र भरण्यास चिथावणी देणे किंवा मदत करणे हा मात्र सल्लागाराचा स्वतःचा गुन्हा ठरतो.

शेजारचा माणूस ‘वीस हजार मिळवून देतो’ म्हणत असेल आणि आपण ‘पावती दाखवा’ म्हणत असू, तर पहिली दोन-तीन वर्षे काही पक्षकार त्याच्याकडे जातील. त्यांतील बरेच नोटीस घेऊन परत येतात. तेव्हा सुधारित किंवा अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत शिल्लक आहे का, हे पाहून काम हाती घ्यावे.

वर्षभराच्या कामाचे गणित कसे असते?

महिना ७ तारखेला टीडीएस भरण्यापासून सुरू होतो. ११ ला विक्रीच्या तपशिलाचे मासिक जीएसटीआर-१, १३ ला त्रैमासिक योजनेतील व्यापाऱ्यांची बिले, २० ला गोषवारा देऊन कर भरण्याचे जीएसटीआर-३बी, आणि त्रैमासिक योजनेतील महाराष्ट्र व गोव्याच्या करदात्यांसाठी तिमाहीनंतरची २२ तारीख. आपसमेळ (कंपोझिशन) योजनेतील व्यापाऱ्यांचे कर भरण्याचे विवरण सीएमपी-०८ तिमाहीनंतर १८ ला. अग्रिम कराचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला. वार्षिक जीएसटी ३१ डिसेंबरला.

मुदतवाढ मिळेल या भरवशावर काम मागे ठेवू नये. कागद आणून देण्याची शेवटची तारीख आपण आपली वेगळी जाहीर करावी, मुदतीच्या किमान आठवडाभर आधीची, आणि ती चुकवणाऱ्या पक्षकाराचे काम रांगेत शेवटी जाईल हे एकदा करून दाखवावे.

तालुक्याच्या गावी पुरेसे काम मिळते का?

मिळते, फक्त ते शहरातल्यासारखे नसते. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींची कामे करणारे ठेकेदार हा तालुक्याच्या सल्लागाराचा कणा आहे. अडीच लाखांवरील कंत्राटावर सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस कापते, पण ती रक्कम ठेकेदाराच्या पोर्टलवरील रोख खातेवहीत आपोआप येत नाही. कार्यालयाने जीएसटीआर-७ हे टीडीएसचे विवरणपत्र भरावे लागते आणि त्यानंतर ठेकेदाराने पोर्टलवर ती नोंद स्वीकारावी लागते. ही स्वीकृती न केल्यामुळे जमा रक्कम पडून असलेले आणि तरीही खिशातून कर भरणारे ठेकेदार आजही भेटतात. पहिल्या भेटीत एवढे एकच काम करून दिले तरी तो माणूस आपला होतो आणि त्याच्या जोडीदारांना घेऊन येतो.

भूसंपादनाच्या मोबदल्यावर कापलेला कर परत मिळवणे, हे ग्रामीण भागातील दुसरे मोठे काम. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्याला त्या कायद्यातील कलम ९६ मुळे आयकरातून सूट आहे. संपादन कोणत्या कायद्याखाली झाले हे निवाड्याच्या प्रतीवरून पाहावे लागते. सातबारा, निवाडा आणि बँकेचे विवरण, हे तीन कागद हातात आल्याशिवाय अशा विवरणपत्राला हात लावू नये.

सुनावणी आणि अपिलाची कामे सुरुवातीपासून घ्यावीत का?

साधी उत्तरे घ्यावीत, अपिले पहिल्या वर्षी कोणाच्या तरी बरोबर घ्यावीत. जीएसटीतील पहिल्या अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीन महिने आहे आणि वादातील कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे गणित पक्षकाराला आदेश आल्याच्या आठवड्यात सांगितले पाहिजे. जीएसटी अपिलीय न्यायाधिकरणाचे औपचारिक उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले, आणि तोवर थांबलेली दुसऱ्या अपिलाची प्रकरणे आता पुढे सरकतील. ज्यांना मसुदा लिहिता येतो त्यांच्यासाठी येत्या काळात येथे काम आहे.

व्यावसायिक संघटनेचे सदस्य व्हावे का?

व्हावे. अखिल भारतीय पातळीवर १९७६ पासून कर व्यावसायिकांचा महासंघ आहे, मुंबईत माझगाव येथे राज्य जीएसटी मुख्यालयाच्या आवारात जीएसटी प्रॅक्टिशनर्स असोसिएशनचे काम चालते, आणि पुणे, नागपूर व अन्य शहरांतही संघटना आहेत. व्याख्याने आता ऑनलाइनही ऐकता येतात. सदस्यत्वाचा खरा उपयोग हा की अडलेल्या प्रकरणात रात्री नऊ वाजता फोन करता येईल असे चार जण ओळखीचे होतात.

निवृत्त होणाऱ्या सल्लागाराचे कार्यालय चालवायला घेता येईल का?

घेता येईल, आणि शून्यापासून उभे करण्यापेक्षा तो पुष्कळदा चांगला मार्ग असतो. मात्र पक्षकार यादीसकट विकत मिळतात या समजुतीने एकरकमी मोठा आकडा देऊ नये. पहिल्या एक-दोन वर्षांत जे पक्षकार खरोखर टिकतील त्यांच्या फीचा ठरावीक हिस्सा जुन्या सल्लागारांना द्यावा, असा लेखी करार दोघांनाही परवडतो. त्या काळात त्यांनी आठवड्यातून एक-दोन दिवस कार्यालयात बसावे असेही त्यात लिहून घ्यावे, कारण पक्षकार त्यांच्यासाठी येतात.

प्रत्येक पक्षकाराकडून स्वतःच्या नावाने नवे अधिकारपत्र घ्यावे, जीएसटी पोर्टलवरील नेमणूक बदलून घ्यावी, आणि खात्यांवर जुन्या सल्लागारांचा मोबाइल असेल तर तो त्याच भेटीत पक्षकाराचा करून द्यावा. जुन्या फायली चाळताना कालमर्यादा पाहावी: जीएसटीचे अभिलेख संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात आणि अपील प्रलंबित असेल तर त्याहूनही अधिक काळ. मुदत संपलेली कागदपत्रे रद्दीत न घालता पक्षकाराला परत करावीत, कारण त्यांत खरेदीखताच्या मूळ प्रती आणि जुनी पासबुके निघतात, आणि ती मिळाल्याची सही एका नोंदवहीत घ्यावी.